सावलीत वाळवलेली पानं

जेवण बिघडलं असेल तर उस्ताद काही बोलत नसत. खाण्याजोगं असेल तर "बरं आहे" म्हणत. आणि क्वचित कधीतरी घास तोंडात असतानाच मान हलवून "जमलं" म्हणत. हे ज्याच्या वाट्याला येई, तो माणूस पुढे कितीतरी दिवस हवेत चालायचा. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते मुख्य आचारी होते. हाताखालचे लोक त्यांना उस्ताद म्हणत आणि ते नाव मग घरापर्यंत आलं ते कायमचं. बायकोही दुसऱ्यांशी बोलताना "आमचे उस्ताद" असंच म्हणायची, निम्मं कौतुकानं, निम्मं टोमण्यानं.

तिला सगळी इमारत काकू म्हणत असे. मूलबाळ नव्हतं, पण काकूपण मात्र पुरेपूर होतं. जिन्यात कुणाचं पोर रडलं की दार उघडायचं ते काकूंचंच.

तर या काकूंना त्या "जमलं"चा लाभ कधीच झाला नव्हता. लग्न होऊन आल्यावर त्यांनी पहिल्यांदा स्वयंपाक केला, तेव्हा उस्ताद जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "उद्या डाळ जरा उशिरा उतरव." काकूंना वाटलं, नवीन आहोत, शिकू. शिकल्याही. नव्या होत्या त्या जुन्या झाल्या, केस पांढरे झाले, पण उस्तादांची गाडी "बरं आहे"च्या पुढे काही सरकली नाही.

"तुला बरं आहे म्हणतो हेच पुष्कळ," वन्सं म्हणायच्या. वन्सं म्हणजे उस्तादांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून त्या खालच्याच मजल्यावर राहत होत्या आणि निम्मा दिवस वर, भावाच्या घरात असत. "मी लहानपणी पहिल्यांदा भात केला, तर दादा म्हणाला, मांजराला घाल. आणि मांजरानंही खाल्ला नाही गं मेल्यानं."

उस्ताद निवृत्त झाले आणि वर्ष सरायच्या आत त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. दोन पायऱ्या चढल्या की धाप, पायांवर सूज, झोपताना पाठीशी उशांचा ढीग. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान होत्या, पण बोलायच्या मोजकं आणि स्पष्ट. "मीठ बंद," त्या म्हणाल्या. "कमी नाही, बंद. एवढ्याशा मिठानं अंगात पाणी साठतं आणि ते पाणी यांच्या हृदयाला उपसवत नाही. पण जेवण मात्र बंद करायचं नाही हं. वजन उतरायला लागलं तर मी काही करू शकणार नाही."

"मीठ काढल्यावर उरतं त्याला जेवण म्हणतात का, बाई?" उस्तादांनी विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. काकू हसल्या नाहीत. त्यांना पुढचं सगळं त्याच क्षणी दिसलं होतं.

आणि तसंच झालं. उस्ताद ताटावर बसत, दोन घास चिवडत आणि ताट सरकवत. भांडत नसत, ओरडत नसत. नुसते म्हणत, "भूक नाही." ज्या माणसानं कारखान्याच्या तीन पाळ्यांची पोटं भरली, तो माणूस ताटासमोर पाहुण्यासारखा अवघडून बसायचा. गळ्याखालची हाडं वर आली. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. रोज सकाळी काकू तो सदरा त्यांच्या अंगावर चढवत आणि कापडाचा घोळ मुठीत धरून किती वाढला ते बघत.

मिठाशिवाय चव आणायची कशी, हा मग काकूंचा ध्यास झाला. दुकानात बारक्या बाटल्यांत वाळलेल्या पानांचे मसाले मिळतात, ते त्या घेऊन आल्या. घरी येऊन चष्मा लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली, तर सगळ्यात पहिला शब्द मीठ. दुसऱ्या बाटलीवर तेच. तेव्हा काकूंनी पदर खोचला. आपणच करायचं. पानं आणायची, वाळवायची, चुरायची.

पहिली भुकटी पुदिना, कोथिंबीर आणि मिरीची झाली. उस्तादांनी ती डाळीवर भुरभुरून घेतली, घास घेतला, जरा थांबले.

"दात घासायला छान आहे," म्हणाले.

दुसऱ्या वेळी काकूंनी पुदिना कमी केला, लसणाच्या चकत्या करून वाळवल्या, लिंबाची साल किसून घातली. "याच्यात भांडी लख्ख निघतील." तिसऱ्या वेळी शेपू जास्त झाला. उस्तादांनी काही म्हणायच्या आधी वन्संनीच चव घेतली आणि तोंड वाकडं करत म्हणाल्या, "दादा, तू गाय असतास तर बरं झालं असतं."

तिघंही हसले. हसता हसता काकूंनी ताटाकडे पाहिलं. ताट तसंच होतं.

बाजारातल्या पानांना वास नाही, ती पाण्यावर फुगवलेली असतात, हे काकूंच्या लक्षात आलं ते अशा कितीतरी भुकट्या फुकट गेल्यावर. वन्संच्या गॅलरीत मात्र कुंड्यांचं जंगल होतं. शेपू, पुदिना, ओवा, एका कोपऱ्यात नुसत्या बोटानं हलवला तरी घमघमणारा विलायती थाइम. वन्सं कुणाला पान तोडू देत नसत. पण भावासाठी म्हणून त्यांनी स्वतः कात्री आणून दिली. "मुळापासून नको हं कापू. परत फुटायला हवं."

पानं निवडताना काकूंना दिसलं की शेपूवर मावा पडलाय. देठांच्या बेचक्यांत बारीक काळे ठिपके चिकटून बसलेले. मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. मोठं पातेलं घेतलं, पाणी भरलं, डब्यातून चांगलं मूठभर मीठ टाकलं, हातानं ढवळलं आणि पानं त्यात बुडवून ठेवली. पालेभाजी असो की कोबी, किडीमुंगीची शंका आली की मिठाचं पाणी. काकूंच्या आईच्या घरी हेच, सासूच्या घरी हेच. एरवी मग पानं साध्या पाण्यातून काढून चिरायची. पण ही वाळवायची होती, जितकं पाणी कमी तितकं बरं. परत धुतली तर आतल्या आत काळी पडतील. म्हणून त्यांनी ती तशीच निथळली, मऊ जुन्या चादरीवर पसरली आणि मागच्या खोलीत पंख्याखाली, खिडकीचा पडदा ओढून ठेवून दिली.

पानं वाळवणं हे धीराचं काम. उन्हात टाकली तर रंग जातो आणि रंगाबरोबर वासही. सावलीत ठेवायची, जाता येता उलटायची, एकमेकांना चिकटलेली सोडवायची. शेपू लवकर वाळतो, पुदिना त्याच्या मागून येतो आणि ओव्याचं जाड पान अगदी हट्टीपणा करतं. वरून कोरडं दिसतं, पण बोटांत धरलं की मऊच. मुठीत घेऊन कान जवळ नेला आणि कुरकुर ऐकू आली की समजायचं, झालं. काकू दिवसातून कितीतरी वेळा मूठ कानाशी नेत. उस्ताद पलीकडच्या खोलीतून विचारत, "काय म्हणतात गं पानं?"

"तुमची चौकशी करतायत."

या वेळची पानं इतकी हिरवीगार वाळली की काकूंचा स्वतःवर विश्वास बसेना. हातांनी चुरून चाळणीतून काढली, त्यात भाजलेली मिरी, वाळलेला लसूण, जरासा कांदा आणि लिंबाची साल कुटून घातली. इतक्या भुकट्या चाखून झाल्या होत्या की जिभेला काही सांगता येईनासं झालं होतं, म्हणून त्यांनी नुसता वास घेतला आणि बरणी ताटाशी नेऊन ठेवली. अपेक्षा काही नव्हती.

उस्तादांनी चमचा भरून भातावर घातली. घास घेतला. मग दुसरा घेतला. मग मान खाली घालून, काही न बोलता, ते जेवत राहिले. काकूंना वाटलं, बोलत नाहीत म्हणजे बिघडलंच. त्या ताट उचलायला वाकल्या, तर ताटात शीत नव्हतं.

"जमलं," उस्ताद म्हणाले.

काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ मोठा सोडून भांडी घासत बसल्या. भांडी केव्हाच घासून झाली होती.

त्या दिवसापासून ती बरणी उस्तादांची झाली. अगदी उशाशी, औषधांच्या खोक्यात जाऊन बसली. वन्संनी चव बघू म्हणून हात पुढे केला, तर त्यांनी झाकणावर तळवा ठेवला. "ही माझी. तुम्ही तुमचं मीठ खा."

"चिमूटभर तर दे, दादा! कुंड्या माझ्या आहेत."

"आधी माझं मरण, मग वाटप."

"शुभ बोल रे नाऱ्या," वन्सं म्हणाल्या, पण त्यांना मनातून बरंच वाटलं होतं. वस्तूवर हक्क सांगणारा, भांडणारा दादा त्यांना फार दिवसांनी दिसत होता. काकूंनाही कधी बोट लावू दिलं नाही त्यांनी. बरणी संपत आली की पुन्हा पानं, पुन्हा पातेलं, पुन्हा चादर. काकू चाळायला बसल्या की उस्ताद समोर खुर्ची ओढून बसत आणि शेवटचा कण बरणीत पडेपर्यंत हलत नसत. काकूंना त्याचं हसू येई. खरं सांगायचं तर अभिमानही वाटे. त्या काळात त्या गुणगुणायला लागल्या होत्या. आपल्याला गाण्याचं अंग नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरीही.

उस्ताद जेवू लागले. गाल जरा भरले. सदरा खांद्यावर बसला. आणि मग एके दिवशी काकूंच्या लक्षात आलं की गाल भरलेत ते मांसानं नव्हे. बोटानं दाबलं की खड्डा पडत होता आणि तो भरून यायला वेळ लागत होता. चपलेचा पट्टा लागेना. श्वास इतका आखूड झाला की वाक्य अर्ध्यात तुटायचं. त्यांना खुर्चीत बसवून चार माणसांनी जिन्यावरून खाली आणलं आणि इस्पितळात भरती केलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या पाहिल्या आणि चष्मा काढला. "मीठ जातंय पोटात. कुठून जातंय?"

"शक्यच नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या घरात यांच्या ताटात मिठाचा कण पडत नाही. पाव देत नाही, बिस्किट देत नाही. नुसती घरची पानांची भुकटी..."

"त्या भुकटीत काय काय असतं?"

"मी वेफर्स खातो," उस्ताद मध्येच बोलले. तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून, एकेका शब्दामागे श्वास घेत. "कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतो. खारे दाणे पण. हिला माहीत नाही."

वन्सं तुटून पडल्या. "लाज नाही वाटत? म्हातारा झालास तरी जिभेचे चोचले संपत नाहीत! ती बिचारी पानं उलटून उलटून पाठ मोडून घेते..."

काकू मात्र शांतपणे बोलल्या आणि तेच वाईट होतं. "म्हणजे मी मूर्खासारखी कानाला मुठी लावत बसले होते, आणि तुम्ही दुकानात जात होतात," त्या म्हणाल्या. "म्हणजे ते जमलं म्हणालात, तेही खोटंच. पोट बाहेर भरायचं आणि घरी माझी समजूत काढायची."

"ते खोटं नव्हतं," उस्ताद म्हणाले.

काकूंनी पिशवी उचलली. उस्तादांच्या पायावरचं पांघरूण सरकलं होतं, ते त्यांना दिसलं. एरवी हात आपोआप गेला असता. त्यांनी तो जाऊ दिला नाही.

"अगं," उस्ताद मागून म्हणाले. काकू दारात थांबल्या, वळल्या नाहीत. "घरी जा. जेवून घे."

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं आधी इस्पितळात गेल्या. काकू घरीच राहिल्या. जायचं तर होतंच, पण जरा उशिरा जाऊन दाखवायचं होतं. राग अजून उतरला नव्हता. परवाच तोडून आणलेली पानं ओट्यावर कोमेजत पडली होती. टाकून द्यावीत असं त्यांना वाटलं. पण हातांना सवय. पातेलं निघालं, नळाखाली गेलं, भरलं. काकू मनातल्या मनात नवऱ्याशी भांडत होत्या. दुकानात जायला बरे पाय चालतात, आणि मी फिरायला चला म्हटलं की धाप लागते. डबा उघडला. मूठ भरली. पाण्यात सोडली आणि ढवळली.

मग त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

बोटांना मिठाचे खडे चिकटले होते. काकू किती वेळ तशाच उभ्या होत्या कुणास ठाऊक. नळ चालूच होता, पातेलं भरून वाहायला लागलं. मग त्या आतल्या खोलीत गेल्या, उस्तादांच्या उशाजवळच्या खोक्यातून बरणी काढली, ओल्या बोटानं भुकटी उचलली आणि जिभेवर ठेवली.

खारट होती. झाकून राहील असली नव्हे, कुणालाही पहिल्या घासाला कळेल इतकी खारट.

काकू पलंगावर बसल्या. एकेक गोष्ट आपल्या पायांनी चालत येऊन त्यांच्यासमोर उभी राहायला लागली. कॅन्टीनमध्ये रश्शाच्या वाफेवरून मीठ किती पडलंय ते सांगणारा माणूस, त्याला हे कळलं नसेल? झाकणावर ठेवलेला तो तळवा. वन्संना चिमूटभरही न देणं. समोर खुर्ची टाकून बसणं, शेवटचा कण बरणीत पडेपर्यंत. आणि दुकान! कसलं दुकान? गेले कित्येक महिने या माणसाला जिना उतरायला दोन्ही बाजूंनी दोघींचा हात लागत होता. दुकानात जाणार कसा? हे काल आपल्याला सुचलं नाही. बायकोला सुचलं नाही, बहिणीला सुचलं नाही. तो म्हणाला आणि आपण मानलं, कारण रागवायला काहीतरी हवं होतं.

काकू चपला घालून धावल्या. दार ओढलं की नाही हेही त्यांना आठवत नव्हतं.

इस्पितळात कालच्या खाटेवर दुसरा कुणीतरी माणूस होता. वन्सं बाहेर बाकावर बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. "पहाटे आत नेला," त्या म्हणाल्या. "बोलत नाहीये गं वहिनी. डोळे उघडत नाहीये."

आत एकेकालाच सोडत होते. उस्तादांच्या छातीवर वायरी होत्या, तोंडात नळी होती. पायांवर पांघरूण नीट घातलेलं होतं, कुणा परक्या हातानं. काकू कानाशी वाकल्या.

"अहो," त्या म्हणाल्या. "मला कळलं. पातेल्यात कळलं. तुम्ही मला का नाही हो सांगितलंत? मी रागावले असते का? नुसतं परत धुतली असती पानं. साध्या पाण्यातून काढली असती, काळी पडली असती तर पडली असती." त्या थांबल्या. मशीन आपल्या चालीनं वाजत होतं. "तुम्हाला मीठ हवं होतं म्हणून गप्प बसलात, की माझ्यासाठी गप्प बसलात? एवढं तरी सांगा. काहीही सांगा, मी मान्य करीन."

उस्तादांनी काहीच सांगितलं नाही. दुपार कलायच्या सुमारास मशीनची चाल बदलली आणि काकूंना बाहेर काढलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा काकूंनी त्यांना सगळं सांगितलं. पातेलं, मावा, मूठ. बाईंनी ऐकून घेतलं. "त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं, काकू," त्या म्हणाल्या. "आज ना उद्या हे होणारच होतं. तेवढ्याशा मिठानं..." आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. काकूंनी वाट पाहिली. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

भेटायला माणसं येऊ लागली. कॅन्टीनमधले जुने लोक आले, उंबऱ्यापाशी चपलांचा ढीग झाला. एक जण रडत रडत सांगत होता की उस्तादांनी त्याला उभ्या नोकरीत एकदाच जमलं म्हटलं होतं, कांद्याच्या रश्शाला. वन्सं भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या. "जिभेनं घालवला हो त्याला. वहिनी मर मर मरत होती आणि हा चोरून वेफर्स खात होता. स्वतः कबूल केलं, माझ्यासमोर." ऐकणारा मान हलवायचा. "आचाऱ्याची जीभ," म्हणायचा.

काकू ऐकत होत्या. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. गप्प राहणं सोपं होतं. नवऱ्यानं मरता मरता ती सोय करून ठेवली होती, ती नुसती वापरायची होती. कुणी काही विचारणार नव्हतं. उलट लोक त्यांच्याकडे कळवळ्यानं बघत होते. केवढं केलंत हो तुम्ही, असं म्हणत होते.

"आचाऱ्याची जीभ," पुन्हा कुणीतरी म्हणालं.

"ते चोरून काही खात नव्हते," काकू म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांच्या माना वळल्या. "त्यांना जिना उतरता येत नव्हता, दुकान कुठलं? मीठ माझ्या हातून जात होतं. मी पानं मिठाच्या पाण्यात धुवायची आणि तशीच वाळवायची. माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्या आलं होतं. मला बोल लागू नये म्हणून ते खोटं बोलले. आता त्यांना कुणी चोर म्हणू नका."

कुणीतरी खाकरलं. कॅन्टीनमधल्या त्या रडणाऱ्या माणसानं मान खाली घातली. वन्सं काकूंकडे बघत राहिल्या. मग भिंतीचा आधार घेत उठल्या, चपला शोधल्या आणि जिना उतरून आपल्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. खालच्या मजल्यावरून भांड्यांचा आवाज यायचा, कुंड्यांना पाणी घातल्याचा आवाज यायचा, एवढंच. काकू एकदा खाली जाऊन दारापर्यंत पोचल्या आणि घंटेवरचं बोट तसंच मागे घेऊन परत आल्या. काय म्हणणार? माफ करा म्हणणार? भाऊ होता तो, पातेलं उलटलं होतं थोडंच, पुसून घ्यायला.

पातेल्यातली पानं चार दिवस तशीच पाण्यात राहिली होती. त्यांना वास सुटला तेव्हा काकूंना कळलं की ती अजून तिथेच आहेत. त्यांनी ती बाहेर नेऊन टाकली आणि पातेलं घासलं. पण माणसं यायची थांबल्यावर, एकटीसाठी म्हणून पहिल्यांदा गॅस पेटवला, तेव्हा निराळीच पंचाईत झाली. डाळ शिजली, भाजी शिजली, पण मिठाच्या डब्याकडे हात जाईना. डबा समोर होता, झाकण उघडं होतं. काकूंनी दोनदा हात उचलला. बोटं डब्यापर्यंत जात आणि मीठ उचलायला तयार होत नसत. शेवटी त्यांनी झाकण लावलं आणि तसंच ताट वाढून घेतलं. घास घशाखाली उतरवताना त्यांना समजलं, तो माणूस रोज दोन वेळा काय गिळत होता ते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

अशाच एका दुपारी दार वाजलं. वन्सं होत्या. केस विंचरलेले नव्हते, डोळ्यांखाली काळं आलं होतं. आत येऊन त्या नेहमीच्या जागी बसल्या.

"मी त्याला काय काय बोलले त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "लाज नाही वाटत का म्हणाले."

"मीही बोलले, वन्सं."

"तुला कळलं तरी. तू कानात तरी सांगितलंस त्याच्या. मी बाहेर बाकावर बसून त्याच्यावर रागावलेच होते गं, तो जाईपर्यंत. तू नसतं सांगितलंस तर मी जन्मभर त्याच्यावर रागावून राहिले असते. ते सोपं होतं. आता कुणावर रागवू? तुझ्यावर रागवायचं ठरवून बसले होते खाली. इतके दिवस बसले. नाही जमत."

"रागवा," काकू म्हणाल्या. "मला चालेल."

"तुला चालेल म्हणून काय झालं?" वन्सं जुन्या झटक्यानं म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग जरा वेळानं त्यांनी विचारलं, "काही केलंयस का? सकाळपासून पोटात काही नाही माझ्या."

काकूंनी ताट वाढलं. डाळ, भात, भोपळ्याची भाजी. ताट समोर ठेवताना त्यांना आठवलं आणि त्या सांगणार होत्या. पण वन्संनी पहिला घास घेतला होता.

वन्संचा हात क्षणभर थांबला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या मिठाच्या डब्याकडे पाहिलं, तो तिथेच होता, हात लांब केला असता तर मिळाला असता. या वन्संनी उभ्या आयुष्यात डाळीला मिठाचा एक कण कमी पडला तरी घर डोक्यावर घेतलं होतं.

त्यांनी नजर ताटाकडे वळवली. डाळ भातात कालवली, नीट, सगळीकडे सारखी, आणि खाली मान घालून एकेक घास खात राहिल्या. काकू समोर बसून होत्या. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. ताट रिकामं झालं तसं वन्संनी ते पुढे सरकवलं.

"अजून थोडा भात घाल," त्या म्हणाल्या.